चॅटरूममधली अहिराणी ओळ

मी शाळेत विज्ञान शिकवते. लिंबातून 'रक्त' कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, हे आठवीच्या पोरांना मी दरवर्षी करून दाखवायचे. अंगात येणं, करणी, भुताटकी असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला – तुम्ही स्वतः पाहिलंत का? बहुतेक गाडी तिथेच अडायची. आता हे लिहायला बसले आहे, तर तोच प्रश्न तुम्ही मला विचाराल. उत्तर आधीच देते – हो, मी स्वतः पाहिलं. माझ्या शेजारी बसलेल्या माणसानेही पाहिलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. घरात मी आणि माझे वडील, नाना. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आईला जाऊन काही वर्षं झाली होती, भाऊ पुण्याला. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि तिशी ओलांडल्यावर नातेवाइकांनीही विचारायचं सोडून दिलं होतं... एका अर्थी बरंच झालं होतं.

त्याच सुमारास वाडीभोकर रोडवर प्रमोद नावाच्या मुलाने आपल्या एसटीडी बूथच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर ठेवले आणि बाहेर 'इंटरनेट' अशी पाटी लावली. शाळेची परीक्षेची पत्रकं टाइप करायला मी तिथे जायचे. एकदा प्रमोदनेच चॅटरूम म्हणजे काय ते दाखवलं. मॉडेम किंचाळायचा, मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम जगभरची माणसं पडद्यावर बोलायला लागायची. एका रूममध्ये सगळे मराठी. कोणी अमेरिकेत, कोणी दुबईत, कोणी नाशकात. विषय म्हणाल तर राजकारण, आरक्षण, देव-धर्म, हुंडा... दुसरं काही नाही.

मला ते व्यसन लागलं म्हणा ना. टीचर्स रूममध्ये मी काही बोलले की सर लोक हसून म्हणायचे, "मॅडम, तुम्ही चहा घ्या." इथे मला कोणी बघत नव्हतं. मी नाव घेतलं होतं 'पांझरा' – आमच्या नदीचं. नदीवरून कोणाला वाटायचं बाई असेल? सगळे मला 'पांझराभाऊ' म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही. घरचं, गावचं कधीच काही सांगितलं नाही. फक्त वाद घालायचा, तासाभराने उठायचं.

तिथे माझा कायमचा प्रतिस्पर्धी होता 'दीपस्तंभ'. मस्कतला एका कारखान्यात नोकरीला, मूळचा कुडाळकडचा, एवढंच ठाऊक. माणूस कट्टर. देव मानणारा, रूढी मानणारा, 'आपल्या पूर्वजांना काय अक्कल नव्हती?' हे त्याचं आवडतं वाक्य. मी लिहायचे, होती, पण विजेचा बल्ब नव्हता. आंतरजातीय लग्नावर आमचं सर्वांत जास्त वाजायचं. तो म्हणायचा, दोन माणसांच्या हौसेपायी दोन घरं मोडतात. मी म्हणायचे, जे घर मुलीच्या लग्नाने मोडतं ते आधीच मोडलेलं असतं. इंग्रजी लिपीत मराठी लिहायची, त्यामुळे 'kal' म्हणजे काल, काळ की कळ यावरच पाच मिनिटं जायची. पण एक सांगते – त्याने कधी शिवी दिली नाही. बाकीचे द्यायचे. दोन-तीनदा कोणी माझ्यावर घसरलं तेव्हा यानेच त्यांना झापलं – "पांझराभाऊंचं चुकतंय, पण ते वाचून बोलतात. तुम्ही आधी वाचा."

ते वर्ष असंच गेलं.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. धुळ्याचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या शुक्रवारी मी जेवण उरकून प्रमोदकडे गेले. शुक्रवारी दीपस्तंभला सुट्टी असायची म्हणून तो हमखास भेटायचा. निघताना नाना कूलरसमोर पलंगावर आडवे झालेले होते, डोळ्यांवर पंचा. "दार ओढून घेते," म्हटलं, तर नुसतं "हं" म्हणाले.

त्या दिवशी विषय होता प्रार्थनेने काही होतं का. दीपस्तंभ म्हणत होता, होतं. मी भलामोठा परिच्छेद लिहिला – औषधाने होतं, डॉक्टरने होतं, वगैरे. पाठवला आणि उत्तराची वाट बघत बसले. प्रमोद शेजारच्या कॉम्प्युटरवर काहीतरी दुरुस्त करत होता.

उत्तर आलं. त्याच्याच नावाने, नेहमीच्याच अक्षरात –

may, ghar jay. nana dhabavar padel she.

माय, घर जाय. नाना धाबावर पडेल शे.

मला आधी अर्थच लागला नाही. म्हणजे शब्द कळत होते – घरी जा, नाना धाब्यावर पडलेत – आमचीच अहिराणी ती, पण तिथे ती कशी आली हे कळेना. प्रमोदने मान वळवून वाचलं आणि म्हणाला, "हाऊ कोन शे ताई? अहिरानीमा लिखस."

मी ती ओळ पुन्हा वाचली. एक तर 'माय', ही हाक बाईमाणसालाच मारतात. मी बाई आहे हे त्या रूममध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. दुसरं, 'नाना'. आणि तिसरं, 'धाबं'. आमच्याकडे खेड्यात मातीच्या सपाट छपराला धाबं म्हणतात. देवपुरातल्या आमच्या घराला स्लॅब होता, आम्ही सगळे गच्ची म्हणायचो. आई तेवढी पारोळ्याकडच्या खेड्यातून आलेली, ती शेवटपर्यंत धाबंच म्हणायची.

मी प्रमोदला म्हटलं, "जाऊन येते." लूना काढली. सगळा रस्ता मी स्वतःला समजावत होते की कुंदा, तू वेडी आहेस, नाना झोपलेले असतील.

पलंग रिकामा होता. कूलर चालूच. मी हाका मारल्या. मागच्या दाराची कडी काढलेली होती. जिना चढून वर गेले तर नाना पाण्याच्या टाकीला टेकून एका अंगावर पडलेले. टाकीचं झाकण बाजूला. पाणी येईना म्हणून ते टाकी बघायला वर गेले होते, हे नंतर कळलं. स्लॅब तव्यासारखा तापलेला. त्यांच्या अंगाला घाम अजिबात नव्हता, कातडी नुसती भाजत होती. ओठ हलत होते पण आवाज नव्हता.

माझ्या ओरडण्याने शेजारच्या अक्का वर आल्या. "काय व्हयनं व माय?" म्हणत आल्या आणि बघून लगेच पाणी आणायला माघारी वळल्या, "मी पानी लई येस." आम्ही दोघींनी ओली चादर त्यांच्यावर टाकली, गल्लीतल्या दोघा पुरुषांनी उचलून खाली आणलं, रिक्षात घातलं. दवाखान्यात बर्फ, सलाईन... संध्याकाळी नानांनी डोळे उघडले आणि विचारलं, "टाकीचं झाकण लावलं का?" तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ त्या उन्हात राहिले असते तर काही हातात राहिलं नसतं. एरवी सुट्टीतल्या शुक्रवारी मी प्रमोदकडून घरी कधी येते विचाराल तर – ऊन उतरल्यावर.

नाना घरी येऊन हिंडूफिरू लागले तेव्हा मी पुन्हा प्रमोदकडे गेले. दीपस्तंभ होता. मी वाद वगैरे काही न काढता सरळ लिहिलं, "त्या दिवशी तुम्ही मला घरी पाठवलंत. माझे वडील वाचले. तुम्हाला कसं कळलं?"

मग – "मी काय लिहिलं?"

मी ती ओळ जशीच्या तशी लिहिली. त्याने विचारलं, ही कुठली भाषा? मी म्हटलं, अहिराणी. तो म्हणाला, "मला येत नाही. मी खानदेशात कधी आलोही नाही. मी हे लिहिलेलं नाही, पांझराभाऊ. देवाशपथ." मी देव मानत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने तसंच लिहिलं.

मग म्हणाला, "उलट मीच रोज इथे येऊन बसतोय, तुमचे आभार मानायला."

"कशाबद्दल?"

"तुम्ही त्या शुक्रवारी मालवणीत लिहिलंत ना मला. झिला, आवशीक फोन कर. ती वाट बगता हा."

मला मालवणीतला एक शब्द येत नव्हता. 'झिला' म्हणजे पोरा, 'आवस' म्हणजे आई, हेसुद्धा मी त्यालाच विचारलं.

मग त्याने सगळं सांगितलं. त्याच्या धाकट्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं होतं, आणि आईने तिला घरात घेतलं होतं. त्या दिवसापासून हा आईशी बोललेला नव्हता. तीन वर्षं. म्हणजे वर्षभर माझ्याशी जे भांडत होता ते पुस्तकातलं नव्हतंच, त्याच्या घरातलं होतं. त्या शुक्रवारी प्रार्थनेवरचा माझा परिच्छेद आला आणि त्याच्या पाठोपाठ, माझ्याच नावाने, ती ओळ. त्याला वाटलं मी कुडाळकडचा कोणी ओळखीचा आहे, वर्षभर तोंड लपवून वाद घालत होतो. आधी राग आला. तरी उठून फोन लावला. फोन शेजाऱ्यांकडे होता.

"पहिल्या रिंगलाच आईने उचलला. शेजाऱ्यांकडे येऊन का बसलीस विचारलं तर म्हणाली, असंच, वाटलं बसावं."

मी त्याला तेव्हाच सांगितलं की मी भाऊ नाही, बाई आहे. धुळ्याची, शाळामास्तरीण. मग ओळ आली, "म्हणजे वर्षभर मी बाईंकडून मार खात होतो. तरीच."

त्या हिवाळ्यात तो आमच्याकडे आला. नाव मोहन परब. त्याच्याबरोबर कामाला असलेला एक जण रावेरचा होता, त्याच्या घरी काही सामान पोचवायला हा निघाला होता, वाटेत धुळ्याला उतरला. चाळिशीचा, टक्कल पडत आलेला, आवाज इतका मऊ की हाच तो दीपस्तंभ हे मला पटेना. मी भरीत-भाकरी केली. त्याने जेवताना सांगितलं की फोननंतर तो रजा काढून घरी गेला, आणि पावसाळ्यात आई गेली तेव्हा तो आणि बहीण दोघं उशाशी होते. "मेव्हणा चांगला माणूस आहे," एवढं म्हणाला आणि भाकरीकडे बघत राहिला.

जेवणानंतर आम्ही तिघं अंगणात उन्हाला बसलो. वाद सुरू झालाच.

"देवाने केलं," परब म्हणाले. "आता तरी माना."

"देवाला चॅटरूम कशाला लागते? आणि देव असता तर नानांना जिन्यावरच अडवलं असतं."

"मग कोणी केलं?"

"माहीत नाही."

"एवढं तरी कबूल केलंत," ते म्हणाले, पण जिंकल्यासारखं म्हणाले नाहीत.

नाना इतका वेळ ऐकत होते. त्यांनी त्या दुपारचं कधीच काही सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "मी पडलो तेव्हा थोडी शुद्ध होती. हाक मारायचा प्रयत्न केला, आवाज फुटेना. मनात मारत होतो."

"मला?" मी विचारलं.

"तुला नाही," नाना म्हणाले. "तुझ्या आईला. सवय आहे ना."

परबांनी हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. अक्कांना नंतर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, यात न समजण्यासारखं काय आहे, तुझ्या आईनेच धाडलं तुला. मलाही तसं मानायला आवडलं असतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या आईला मालवणी येत नव्हती. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

प्रमोदला मी खूप छळलं. तो म्हणाला, लाइन तुटली की दुसरा कोणी तेच नाव घेऊन आत शिरू शकतो. शक्य आहे. पण शिरणाऱ्याला माझी गच्ची दिसली पाहिजे, कुडाळचं अंगण दिसलं पाहिजे, आणि त्याला दोन्ही बोली आल्या पाहिजेत, तेही एकाच दुपारी. असा माणूस मला आजवर भेटला नाही.

नाना त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. परब आता गावी असतात, आमचा वाद फोनवर चालू आहे, एकाही मुद्द्यावर दोघांपैकी कोणी हललेलं नाही. मी अजूनही देव मानत नाही, वर्गात लिंबातून रक्तही काढून दाखवते. मात्र पोरं विचारतात, "मॅडम, म्हणजे सगळंच खोटं असतं का?" तेव्हा पूर्वी मी पटकन हो म्हणायचे. आता म्हणते, हे लिंबाचं तरी खोटं आहे.

तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा. फक्त योगायोग म्हणू नका... तो शब्द मी स्वतःच खूप वापरून पाहिला.