चादरीची दुसरी बाजू

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, दिसेल. पण माझ्या जिवाला कुठला भरवसा! सगळं आयुष्य भरतकामावर गेलेलं. मी नवस बोलले: दृष्टी आली तर पहिलं काम भिंगारच्या आमच्या गल्लीमागच्या दर्ग्यासाठी, मी एकटीने भरलेली चादर. दिसायला लागलं, तेव्हा शेजारच्या शमीमभाभींनी अल्लाच्या नावाचा नमुना आणून दिला. मला ती लिपी वाचता येत नाही. तरी त्या वळणांवरून सुई फिरू लागली तसा आनंद माझ्या पोटात मावेना.

उरुसाच्या आदल्या दिवशी भाभी काम बघायला आल्या आणि त्यांनी भरलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. नमुन्याचा, रेषांवर सुईने टोचलेला कागद मी कापडावर पालथा ठेवून त्यावर खडूची पूड घासली होती. सगळं नाव उलटं भरलं गेलं होतं, आरशात दिसावं तसं. रेशमी कापड; उसवलं तर भोकं राहणार. मी रडले. देवघरातल्या गणपतीलाही खडसावलं, की सेवा नको होती तर डोळे तरी कशाला दिलेस?

तेवढ्यात श्रीगोंद्याकडून उरुसाला आलेले एक म्हातारे बाबा कुर्त्याचं तुटलेलं बटण लावून मागायला दारात आले. चादरीकडे बघतच राहिले. जुने कारागीर एकच नाव उलटं आणि सुलटं, समोरासमोर काढायचे, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "ताई, हे चुकलं न्हाई. निम्मं झालंय, निम्मं ऱ्हायलंय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! नावासमोरच्या दुसऱ्या बाजूला वेल भरायची म्हणून जागा मोकळीच होती. कागद सुलटा ठेवला, पूड घासली. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकटीने पुरं होणं शक्य नव्हतं. नवस मोडायची भीती वाटत होती, तरी मीच भाभींपुढे सुई धरली. भरतकामाच्या चौकटीच्या त्या बाजूला त्या बसल्या, या बाजूला मी. बटण लावून घेऊन बाबा गेले ते पुन्हा उरुसात कुठे दिसले नाहीत. ते कोण होते याचा मी काथ्याकूट करत नाही.

दर्ग्यात चादर पसरली तेव्हा दोन्ही नावं एकमेकांसमोर झळकत होती. मुजावरांनी विचारलं, "नवस कुणाचा?"

मी 'माझा' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द निघाला, "आमचा."

भाभींनी माझा हात घट्ट दाबला. मी योजली होती त्याहून मोठी सेवा त्या वरच्याने करून घेतली. मला फक्त सुई पुढे करायची होती.