डिसेंट माणसं हवीत

अब्बा रिटायर झाले आणि खडकीचं फॅक्टरीचं क्वार्टर सोडावं लागलं. सामान टेम्पोत चढत होतं, शेजारच्या सुलभाकाकू रडत होत्या आणि त्यांची छोटी रूपा माझी ओढणी सोडायला तयार नव्हती. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून ड्रायव्हरशेजारी बसले. "नीट राहिलं की नीट माणसं भेटतात," म्हणाले. काय भोळा माणूस!

तात्पुरते आम्ही चाचांकडे राहिलो आणि घर शोधू लागलो. अब्बा नोकरीची सर्टिफिकिटं प्लास्टिकच्या फाइलीत घालून न्यायचे. सदाशिव पेठेतल्या एका मालकांनी ती चष्मा लावून वाचली, चहा पाजला आणि म्हणाले, "अहो, आपण चांगलेच आहात हो. पण बिल्डिंगमध्ये सगळे डिसेंट लोक आहेत." अब्बांनी वर त्यांचे आभार मानले! तो चहा मला अजून घशाशी येतो.

तेव्हापासून या शब्दाचा वीट आलाय. एजंटच्या तोंडी डिसेंट म्हणजे सोयीचं आडनाव. माझ्या लग्नाच्या वेळी डिसेंट मुलगी म्हणजे उलट न बोलणारी. ऑफिसात डिसेंट पॅकेज म्हणजे पगार बेताचा, पण कुरकुर करायची नाही. शी! मराठीत बोलावं लागलं असतं तर यांची जीभ जरा तरी अडखळली असती; इंग्रजीत सगळं खपतं.

आता हडपसरला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, सोसायटीच्या कमिटीवरही मी आहे. गेल्या महिन्यात रूपा आली. नवऱ्यापासून वेगळी झालीय, नर्स आहे. आमच्या विंगमधला रिकामा फ्लॅट तिला भाड्याने हवा होता. सेक्रेटरी चौकशी करणार, हे मला माहीत होतं. म्हणून मीच आधी विचारलं, "रूपा, तुझ्याकडे कोणी येतं-जातं का गं? नाही, वस्ती जरा डिसेंट आहे ना."

तिने पर्स उचलली. "नसीमताई, तू विचारतेस हे?" एवढंच म्हणाली आणि गेली. माझा फोन उचलत नाही.

खडकीकरांनो, आणि माझ्यासारख्या खडकी सोडून गेलेल्यांनो, ती कुणाला भेटली तर सांगा, नसीम चुकली. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आले की हडपसर काही माझं घर नाही. खोटं होतं ते. तो प्रश्न मला कुणी पढवला नव्हता, आपसूक तोंडातून निघाला. इतकी इथली झालेय मी. थू!