‘आई गं’ न म्हणता बसता येणारी गाडी

आमच्या कंपनीने चाकणमधला कारखाना आणखी आत, टेकडीपलीकडे हलवला आणि संत तुकाराम नगरहून जाणारी स्टाफची बस बंद झाली. स्वतःची गाडी घ्यायचा विचार तेव्हा मला पहिल्यांदा करावा लागला. मी खरेदी विभागात आहे. दिवसभर बोल्ट आणि रबराच्या भागांच्या भावावरून भांडते, पण अख्खी गाडी कशी बघतात ते मला ठाऊक नव्हतं. लायसन्स होतं. नवऱ्याची जुनी छोटी गाडी रविवारी सकाळी वाकडच्या नणंदेपर्यंत नेऊन आणण्याइतपत हात बसला होता. नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि मग चाकणचा तो चौक, तोही रोज, हे प्रकरण निराळं होतं.

नवरा बँकेत आहे आणि साधा मिक्सर घ्यायचा तरी आठवडाभर अभ्यास करतो. त्याने निकाल दिला, "तुला छोटी एसयूव्ही पाहिजे. खड्डे आणि पाणी बघता गाडी उंच हवी, पण लांबलचक नको. कंटेनरच्या रांगेतून निघता आलं पाहिजे."

मग आम्ही शोरूम फिरलो. सगळीकडे आम्हाला छत उघडून दाखवलं. एकाने सीटला गार हवा कशी लागते ते दाखवलं, दुसऱ्याने गाडीशी बोलून काच खाली केली. चालवून बघायची म्हटलं की गुळगुळीत सर्व्हिस रोडवर तीन डावी वळणं घ्यायची आणि परत. "चौकात नेऊ का?" मी विचारायचे. "मॅडम, आत्ता ट्रॅफिक आहे," असं उत्तर यायचं. मला ट्रॅफिकच तर बघायचं होतं.

जुन्या गाड्यांच्या यार्डातही गेलो. तिथली प्रत्येक गाडी एका डॉक्टरांची असायची आणि ते डॉक्टर फक्त रविवारी गाडी बाहेर काढायचे. एवढे डॉक्टर एकाच वेळी गाड्या का विकतायत, हे काही कुणी सांगितलं नाही.

शेवटी आमच्या स्टोअरमधल्या एका बाईने सांगितलं, "आमच्या गावात एक आहे बघा, मॅडम. गाडी चांगली आहे. पण देताना माणूस बघून देणार म्हणे."

दुसऱ्या शनिवारी नवऱ्याला सुट्टी होती, मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही गेलो. चाकणच्या पुढे, हायवे सोडून आत, दोन कारखान्यांच्या भिंतींमधून रस्ता जातो आणि भिंती संपतात तिथे एकदम गाव लागतं. घर साधं, पक्कं. शेजारी कांदा साठवायची बराख, आणि पत्र्याच्या शेडखाली पांढरी गाडी. दारात नऊवारी नेसलेल्या, साठी उलटून गेलेल्या एक बाई गव्हाची चाळणी हातात घेऊन उभ्या होत्या.

नवऱ्याने नमस्कार केला. "मावशी, गाडी बघायला आलोय. मुलगा आहे का घरात?"

"मुलगा वाकडला असतो. गाडी मपली हाय," मावशी म्हणाल्या. "काय इचारायचं ते मला इचारा."

नवरा जरा गडबडला, पण त्याने काम सुरू केलं. बॉनेट उघडलं, तेलाची कांडी पुसून बघितली, वाकून खालचा गंज पाहिला, टायरवर बोट फिरवलं. मावशी तोपर्यंत गहू चाळत होत्या. मी दारं उघडून आत बसून बघत होते. थोड्या वेळाने नवऱ्याने मला बाजूला घेतलं.

"काहीतरी गडबड आहे," तो हळूच म्हणाला. "ड्रायव्हरची सीट धड आहे आणि डावीकडची पार झिजलीय. वरची धरायची कडी बघ, कशी गुळगुळीत झालीय. पायाखालची मॅटही डावीकडचीच विरलीय. ही भाड्याने चालत असणार."

मावशींना सगळं ऐकू आलं होतं. "भाड्यानं न्हाई," त्या चाळणी खाली ठेवत म्हणाल्या. "तिथं आमचे मालक बसायचे."

त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. त्यांच्या नवऱ्याच्या, मालकांच्या, किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड पिंपरीला डायलिसिसला न्यायला लागायचं. आधी भाड्याची गाडी बोलवायचे. कधी ती यायची, कधी यायची नाही. मुलगा रजा काढून यायचा, पण रजा किती काढणार? "एक दिस गाडीवाला आलाच न्हाई. मालक तयार होऊन, टोपी घालून, दुपारपत्तूर या ओट्याव बसून व्हते. म्या त्येंच्या सुजल्याल्या पायाकडं बघितलं आन मनात म्हनलं, बास. आता कुनाची वाट बघायची न्हाई."

"मग?"

"मंग काय, शिकले."

मी विचारलं, "आधी काही चालवत होतात? स्कूटर, ट्रॅक्टर?"

"सायकल बी न्हाई."

कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात त्या शिकल्या. भाच्याने आपली जुनी गाडी आणून चार दिवस दाखवलं, पुढे त्या एकट्याच ढेकळांतून गोल फिरत राहिल्या. बांधावर गाव जमायचं. बाया हसायच्या, पुरुष सल्ले द्यायचे. मग रीतसर ड्रायव्हिंगची शाळा, लायसन्स. आणि मग गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मावशी मालकांना घेऊन शोरूमला गेल्या.

"तिथली पोरं मला गानी लावून दाखवीत व्हती. मी मालकांकडं बघत व्हते. लहान गाडीत बसताना माणूस खड्ड्यात उतरल्यावानी खाली जायाचा, आन उठताना दोघं लागायचे वर काडाया. मोठ्या गाडीत चढाया पाय उचलाया लागायचा, त्यो उचलंना. हिच्यात नुसतं टेकायचं आन फिरायचं. सीट बरुबर कमरंला येती. ज्या गाडीत बसताना ते ‘आई गं’ म्हनले न्हाईत, ती घेतली."

नवरा माझ्याकडे बघत होता. इतक्या दिवसांत आम्ही मायलेज बघितलं होतं, एअरबॅगा मोजल्या होत्या, डिकीत बॅगा ठेवून बघितल्या होत्या. माझी सासू गुडघ्यांनी बेजार आहे. तिला एकाही गाडीत बसवून बघावं असं आम्हाला सुचलं नव्हतं.

"आता का विकताय?" मी विचारलं.

मावशींनी समोर बोट केलं. "त्यो खांब दिसतो का? सरळ हाय का वाकडा?"

"सरळ आहे."

"मला मधीच वाकल्यावानी दिसतो. मालक गेल्याव बी मी गाडी चालवतच व्हते. गावातल्या बाळंतिनी नेल्या, म्हातारी मानसं नेली. येक दिस एकलीच चाकनवरनं येत व्हते, तर रस्त्याचा पांढरा पट्टा नागावानी वळवळाया लागला. म्हनलं ऊन असंल. येक डोळा झाकला, दुसरा झाकला. मंग गाडी कडंला लावली, कुलूप घातलं आन चालत घरी आले. डॉक्टर म्हनले डोळ्याचा आतला पडदा बिघडलाय, सुया टोचून हाय तेवढं ऱ्हाईल."

"डॉक्टरांनी चालवू नका म्हणून सांगितलं?"

"त्येंनी सांगायच्या आधीच म्या सोडली व्हती. पोराला फोन केला, म्हनलं गाडी कडंला हाय, आनून लाव."

एवढंच सांगून त्या चावी आणायला आत गेल्या. मी ओट्यावर बसून राहिले. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, त्यांच्या गाडीच्या चारही बाजू घासलेल्या आहेत, मुलं दोन वर्षं विनवतायत, तरी चावी सोडत नाहीत. आणि ही बाई, पन्नाशी उलटल्यावर ढेकळांत गाडी शिकलेली, एका दुपारी स्वतःच स्वतःला तपासून रस्त्याच्या कडेला उतरली होती.

मावशींनी चावी माझ्या हातात ठेवली. "तू चालवनार ना रोज? मंग तूच चालव. पाव्हनं, तुमी मागं बसा, आन मधी बोलू नका."

"कुठे जायचं?"

"चौकात. आता पयली शिफ्ट सुटंल. गाडी बघायची तर तिथं बघायची."

मावशी डावीकडे बसल्या. मी निघाले. भिंतींच्या मधल्या रस्त्यावरून जाताना एका कारखान्याच्या पार्किंगकडे न बघताच त्यांनी हात केला. "इथं आमची इहीर व्हती. गोड पानी." तिथे आता नव्या कोऱ्या गाड्या अशा दाटीने उभ्या होत्या की जमीन दिसत नव्हती.

चौक जवळ आला. पुढे कंटेनर, बाजूला गाड्या लादलेला लांबच लांब ट्रेलर, कामगारांच्या बसेस, मधल्या फटींतून दुचाक्या. चौकाच्या अलीकडे रस्त्याला चढ होता, तिथे मी थांबले, पुन्हा निघाले आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली, गाडी सूतभर मागे सरकली. मागच्या बसने हॉर्न वाजवला. मागून नवऱ्याने श्वास ओढलेला मला ऐकू आला, पण सांगितल्याप्रमाणे तो बोलला नाही.

"हातब्रेक वड," मावशी म्हणाल्या. आवाज असा की जणू भाकरी उलट म्हणून सांगतायत. "आता चालू कर. क्लच निमा सोड. गाडी थरथरली का?"

"थरथरली."

"मंग ती तयार हाय. पायानं जरा गती दे आन हातब्रेक सोड."

गाडी पुढे गेली. फार नाही, दोन गाड्यांचं अंतर, आणि पुन्हा सगळं थांबलं. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्ही आजारी माणसाला घेऊन इथून कशा जात होता?"

"भ्या वाटायचं की," त्या म्हणाल्या. "येकदा हितंच, मधोमध, मालकांना वांती झाली. डायलिसिस करून येत व्हतो. गाडी बाजूला घ्याया जागा न्हाई. म्या चारी इंडिकेटर लावलं, गाडी बंद केली आन खाली उतरले. त्येंच्या बाजूला जाऊन त्वांड पुसलं, पानी पाजलं, सदरा बदलला. मागं ह्यो एवढा ट्रेलर. मला वाटलं आता शिव्या खायाच्या. तर त्यो ड्रायव्हर खाली उतरला, आडवा उभा राह्यला आन हात वर करून समदी गर्दी थांबवून धरली. परप्रांतातला व्हता. त्येची भाषा मला यीत न्हवती. सदरा घालून हुईस्तवर चौकात कुनी भोंगा वाजवला न्हाई."

मी त्या चौकाकडे बघत राहिले. या चौकातून मी कंपनीच्या बसने वर्षानुवर्षं गेले होते, डुलक्या काढत, कधी गर्दीला शिव्या देत. कदाचित त्या दिवशीही मी मागच्या कुठल्यातरी बसमध्ये होते आणि आज इतका वेळ का लागतोय म्हणून वैतागले होते. एक लुगड्यातली बाई एवढ्या लोखंडाच्या मध्ये उभी राहून आपल्या माणसाच्या सदऱ्याची बटणं लावते आणि सगळा चौक थांबतो. पुढचा कंटेनर हलला तेव्हा मावशींनीच आठवण केली, "चल की."

परतताना गाडी मी बरी चालवली. क्लच जड होता, पुढचे दोन टायर बदलावे लागणार होते, मागच्या दारातून बारीक खडखड यायची. हे सगळं मावशींनीच आधी सांगून टाकलं. घरी आल्यावर नवऱ्याने एकच विचारलं, "मावशी, उद्या माझ्या आईला घेऊन येऊ का? बसवून बघतो."

"आना," मावशी म्हणाल्या. त्यांना त्याचं बोलणं पहिल्यांदा आवडलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, टेकल्या, फिरल्या, आणि आत बसून म्हणाल्या, "अगं बाई, बसले पण?" चहा घेताना मावशींनी भाव एका वाक्यात सांगितला. मला रोज भाव पाडण्याचाच पगार मिळतो, तरी मी तो तसाच मान्य केला.

कागदपत्रं झाली आणि गाडी न्यायला मी एकटीच गेले. मावशी म्हणाल्या, "पंपापत्तूर मी येते. मोकळ्या टाकीची गाडी कुनाला देऊ न्हाई." हायवेच्या पंपावर मी नको नको म्हणत असताना त्यांनी टाकी भरून दिली, पदराने हात पुसले आणि उतरल्या.

"मी घरी सोडते ना, मावशी."

"मंग तू मला सोडनार, म्या तुला सोडाया परत पंपाव येनार. असं किती येळ चालायचं?"

त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. शेअर रिक्षा आली. त्यांना पाटी वाचता येणार नव्हती, त्यांनी आवाजच दिला, "गावाकडं जाती का रं?" आतल्या बायकांनी सरकून जागा केली. बसता बसता त्या माझ्याकडे वळल्या आणि ओरडल्या, "ए बाई, मागं गाड्या खोळंबल्यात. काढ की!"

मी घाईने गिअर टाकेपर्यंत त्यांची रिक्षा हायवेला लागलीही होती.