रांगून घर बघणाऱ्या बाई

घर पारखण्यात आमच्या बाईंचा हात धरणारं माणूस बारामती-इंदापूरकडे मी तरी पाहिलं नाही. आईबापाविना राहिलेलं मूल ज्या नातेवाइकाच्या हवाली करायचं, त्याच्या घरी ते सुखरूप राहील का, हे बघून अहवाल देणं हे त्यांचं काम आणि लिहून घेणं माझं. पुढे केलेल्या खुर्चीवर बाई कधी बसल्या नाहीत. पदर खोचून सरळ रांगायलाच लागायच्या. "मूल जिथून बघतं तिथून घर बघावं," म्हणत विळी, काडेपेटी, फवारणीच्या औषधाची बाटली बरोबर हुडकून काढायच्या. कळस गावच्या एका घरी त्यांना रांगताना पाहून घरच्यांना वाटलं, बाईंच्या कानातलं पडलं. सासू, सून, दीर, सगळे त्यांच्यामागे रांगू लागले. बाईंनी कोणाला उठवलं नाही. सासूच्या हाताला पलंगाखाली उंदराचं औषध लागलं, तेव्हा कुठे म्हणाल्या, "हेच शोधत होते."

मग आलं निरवांगी गाव. तिथे एक तात्या होते, पूर्वी मेंढरं राखलेले, नजर जवळजवळ गेलेली. लेक-जावई अपघातात गेले आणि तीन वर्षांची नात त्यांच्या पदरात आली. अहवाल विरुद्ध गेला तर पोर संस्थेत जाणार होती. दारात पाण्याचा हौद, आत चूल. भाकरी टाकायला शेजारची सून यायची. मी मनातल्या मनात 'नाही' लिहून मोकळा झालो होतो. बाई रांगत हौदापाशी गेल्या आणि थांबल्या. हौदाला आणि चुलीला मेंढरं कोंडायची जाळी, वाघूर, ताणून बांधलेली होती.

"कुणी बांधलं हे?"

"म्याच. दिसत न्हाय, मग रांगत फिरलो. जितं हाताला धोका लागला तितं बांधलं."

बाई तिथंच मातीत बसल्या. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, "तात्या, तुमच्यामागं हिला कोण?"

"त्येच इचारायला तुमची वाट बघत हुतो."

पोर आजोबांकडेच राहावी, हा अहवाल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, मला पेन धरू दिलं नाही.

आता त्या निवृत्त झाल्यात. गुडघे वाकत नाहीत, तरी दर महिन्याला एसटीने निरवांगीला जातात. परवा न राहवून मी विचारलं, "बाई, आता कशाला?"

पिशवीत पोरीचा नवा फ्रॉक घडी करून ठेवत त्या म्हणाल्या, "तात्या फार थकलेत. त्यांना उत्तर द्यायचं राहिलंय."