भुताच्या घराची साफसफाई

कॉन्सेप्टाबाई परेरांच्या घरात भूत नव्हतं, एवढीच काय ती त्या घराची उणीव. बाकी सगळी सोय होती. मालाडला मार्वे रोडवरून आत गावठाणात वळलं की गल्लीच्या तोंडाशीच ते दुमजली घर लागायचं. भिंतींना शेवाळ, वरच्या खिडकीत काचेच्या जागी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, आणि वरच्या मजल्यावर कोळिष्टकं इतकी की पडदे लावायची गरज नव्हती.

खालचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली एक खोली मात्र लख्ख. बाई तेवढ्यातच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बेनेडिक्ट बहारीनला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला, त्या दिवशी त्यांनी वरच्या मजल्याचं दार ओढून घेतलं ते घेतलंच. वय अठ्ठावन्न. मे महिन्यात गावठाणातल्या बायकांबरोबर बाटली मसाला कुटायचा, तो बाटल्यांत भरून वर्षभर विकायचा, शनिवारी चर्चमधल्या फुलदाण्या घासायच्या, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. त्यात भीतीला जागा नव्हती. वेळही नव्हता.

सत्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात बोरीवलीहून तीन कॉलेजकुमार हे घर शोधत आले. त्यांतली एक कुमारी होती. जयवंत सुर्वे हा दिग्दर्शक; म्हणजे त्यानं गळ्यात मफलर घातला होता. अनुपमा खानोलकर लेखिका, नायिका आणि प्रेत अशा तिहेरी भूमिकेत होती. लवू घाडीकडे कॅमेरा होता. तो खरं म्हणजे त्याच्या मामाचा. मामा लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटा काढायचा आणि लवू सुट्टीच्या दिवशी त्याच्या हाताखाली राबायचा. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्या वर्षी एक नवी स्पर्धा होती: न काढलेल्या चित्रपटाचा ट्रेलर. चित्रपट काढायला भांडवल लागतं; ट्रेलर काढायला फक्त शेवट ठाऊक नसावा लागतो. ती पात्रता तिघांकडेही होती.

वरच्या मजल्यावरची जाळी पाहून जयवंतचा ऊर भरून आला.

"आंटी, घर एकदम झकास आहे!"

"कशाला पायजे तुमाला?"

"भुताचा ट्रेलर काढायचाय."

"ट्रेलर म्हंजे?"

अनुपमानं समजावलं, "आख्खा पिक्चर नाही हो आंटी. नुसता मासला. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, पिक्चर बघायलाच हवा."

"मग पिक्चर कवा?"

"पिक्चर नाहीच आहे."

बाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हंजे वास द्यायचा आनि ताट नाय वाडायचं."

याहून नेमकी व्याख्या पुढे परीक्षकांनाही करता आली नाही.

"घर दिसंल त्यात? वरचं, खालचं, सगलं?"

"सगळं दिसणार. घर तर हीरो आहे आपला," जयवंत म्हणाला.

"आनि ती कॅसेट बहारीनला चालते?"

चालते, असं लवूनं सांगितल्यावर बाईंनी आपली अट घातली. कागदोपत्री घर मुलाच्या, बेनीच्या नावावर होतं. घर पडायला आलंय आणि आय एकटी कुढत बसलीय, असं बेनीच्या वसईच्या काकानं त्याच्या कानात भरलं होतं. नाताळला बेनी येणार होता तो सही करायला. "बिल्डर घर पाडनार आनि मना तिकडं बोरीवलीला चवथ्या माल्यावर ठेवनार. आमी सांगून थकलो, पोरगा आयकत नाय. एक कॅसेट माझ्या बेनीला पाटवा. घर बगू दे त्याला. दुसरं मना काय नको."

"डन, आंटी!" जयवंत म्हणाला. त्याला जागा फुकट मिळाली होती. अशा वेळी माणूस अटींचा अर्थ लावत बसत नाही.

तयारी बोरीवलीला अनुपमाच्या सोसायटीच्या गच्चीवर सुरू झाली. गणपती मंडळाच्या डेकोरेशनमधला निळा जिलेटिन कागद आणला. तो हॅलोजनपुढे धरला की चांदणं तयार. गुलाबाच्या सरबतात कात कालवून रक्त केलं. ते चवीला बरं निघाल्यामुळे दोनदा करावं लागलं. अनुपमा किंचाळीचा सराव करायची. पहिल्या दिवशी ती किंचाळली तेव्हा आख्खी सोसायटी लाटणी आणि बॅटी घेऊन गच्चीवर आली. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. नंतर तर तळमजल्यावरच्या काकूंनी निरोपच पाठवला की आज जरा लवकर किंचाळून घे, संध्याकाळी भाच्याला बघायला माणसं यायची आहेत.

"लक्षात ठेवा," जयवंत गच्चीवर येरझाऱ्या घालत म्हणायचा, "पहिल्या शॉटला दार. दार करकरतं. मग जाळ्यांमधून हात येतो. मग रक्त."

"मग?" लवू विचारायचा.

"मग ट्रेलर संपला. तेच तर सस्पेन्स."

रविवारी सकाळी तिघं सामानासकट गावठाणात पोचले, आणि जयवंत गल्लीच्या तोंडाशीच थबकला. त्याला वाटलं, गल्ली चुकली.

घर पांढरंशुभ्र होतं. खिडकीला काच होती. काचेमागे क्रोशाचा पडदा होता. ओट्यावर रांगोळीवजा फुलं आणि दारात नवं लुगडं नेसलेल्या कॉन्सेप्टाबाई, हात जोडून, वरमाईसारख्या.

"आंटी, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? कॅमेरा येनार ना घरात? तुज्या लग्नात तुजी आय भिंत न रंगवता लोकान्ला बोलवील?"

"पण ती जाळी..."

"काडली."

"शेवाळ?"

"घासलं. चुना मारला. दोन हात."

जयवंतनं शेवटच्या आशेनं दार ढकललं. दार लोण्यासारखं उघडलं.

"बिजागरीन्ला तेल घातलं," बाई म्हणाल्या. "लय कुरकुरत व्हतं मेलं."

दिग्दर्शक पायरीवर बसला. "वाट लागली. ह्या घरात भूत आलं तर चपला बाहेर काढून येईल."

खुश होता फक्त लवू. "काय उजेड पडता रे हय! हॉलपेक्षा बरो," असं म्हणत तो भिंतींवर प्रकाश टाकून बघत होता. त्यानं आजवर फक्त लग्नं पाहिली होती.

"पॅक अप," जयवंत म्हणाला. "मढला एक पडका बंगला आहे. तिथे जाऊ."

हातातल्या फडक्याची बाईंनी दोनदा घडी घातली, दोनदा उलगडली. मग म्हणाल्या, "मग बेनीची कॅसेट?"

जयवंत जमिनीकडे पाहू लागला. जमीनही पुसलेली होती. अनुपमानं त्याच्या मफलरचं टोक धरून त्याला उभं केलं. "जय्या, गप आत चल. जाळी आपण लावू."

अशा रीतीनं काढलेली जाळी परत लावण्याचं काम सुरू झालं. कापूस पिंजून त्याचे धागे कोपऱ्याकोपऱ्यांत ताणले, टेबलावर धूळ शिंपडली. खिडक्यांवर गोधड्या टांगून सकाळी अकरा वाजता अंधार केला, कारण संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेच्या वेळेला घरात भूत चालणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. जयवंत कोपऱ्यात कापूस लावून जिन्याकडे वळे, तोवर मागून केरसुणीचा आवाज येई.

"आंटी! ते लावलंय! मुद्दाम!"

"हा? मना वाटलं, ऱ्हायलं."

रक्ताचं तर नावच नको. प्रेत नव्या पुसलेल्या लादीवर पडणार नाही, पडायचंच तर पेपर अंथरून, असा निवाडा झाला. त्यामुळे अनुपमा गळ्यातून रक्त गाळत रविवारच्या पुरवणीवर मरून पडली. तिकडे लवू गळा दाबतानाच्या शॉटला सवयीनं "इकडे बघा... थोडं हसा" म्हणाला, आणि खून झाल्यावर त्यानं कॅमेरा संथपणे जेवणाच्या टेबलाकडे वळवला. लग्नात विधी आटपला की पंगत घ्यायची असते, हे त्याच्या हाडांत मुरलं होतं.

पंगत होतीच. मैद्याचे तळलेले टपोरे फुगे आणि बाटली मसाल्यातली कोंबडी. प्रेतानं सात फुगे खाल्ले. जेवून आडवे होऊन तिघांनी सकाळचं शूटिंग बाईंच्या छोट्या टीव्हीवर लावून पाहिलं.

पहिल्या शॉटमध्ये कोपऱ्यात जाळं होतं. दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात त्या जागी फुलदाणी होती. अनुपमा खोलीतून जाते तेव्हा टेबलावर धूळ, परत येते तेव्हा टेबलावर क्रोशाचा रुमाल. प्रेताखालचा पेपर पुढच्या शॉटला नीट घडी होऊन खुर्चीवर.

"संपलं," जयवंत पालथा पडून म्हणाला. "कंटिन्युइटीचा खून."

अनुपमा मात्र ताठ बसली होती. "थांब रे. परत लाव. घरात तीन जणं राहायला येतात. पसारा करतात. सकाळी उठून बघतात तर सगळं आवरलेलं."

"मग?"

"अरे, आवरतंय कोण?"

स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. जयवंतच्या अंगावर काटा आला. आपण एवढे दिवस सरबत ढवळत बसलो, हे त्याला तेव्हा कळलं.

"आवशीचो घो!" लवू पुटपुटला.

भूत कोण होणार, याची चर्चा करावी लागली नाही. पांढऱ्या साडीचा विषय तेवढा निघाला.

"पांडरं नेसून बेनीसमोर जाऊ? त्याला वाटंल, मी मेली." बाई आत गेल्या आणि लाल लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, केसांत फुलं अशा थाटात केरसुणी घेऊन बाहेर आल्या. इतकं सधन भूत त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याच कॉलेजकडे नव्हतं.

मुख्य प्रसंग जिन्यावरचा. जयवंत चिखलाचे बूट घालून वर पळतो, मागून भूत. पहिल्यांदा लवूच्या चौकटीत नुसते पाय आले. दुसऱ्यांदा दोघंही निसटले, कारण भूत जयवंतच्या पुढे गेलं. तिसऱ्यांदा जयवंत धापा टाकत कठड्याला लटकला आणि बाईंनी वरून विचारलं, "परत करायचं?" त्यांना मजा यायला लागली होती. चिखल खरा होता, जिना बाईंनी स्वतः घासलेला होता, त्यामुळे चेहऱ्यावर जो भाव आला तो कुठल्याही नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

शेवटी त्या थेट कॅमेऱ्यासमोर येऊन थांबल्या. आता लवूनं गप्प राहायचं होतं. पण लग्नात नातेवाईक असे समोर आले की जे म्हणायचं ते त्याच्या तोंडून गेलंच: "आंटी, कॅमेऱ्यात बघून दोन शब्द बोला."

बाईंनी केरसुणी मागे लपवली. लुगड्याचा पदर सारखा केला. भिंगाच्या अगदी जवळ आल्या, जणू त्यातून पलीकडचं दिसतंय, आणि हळूच म्हणाल्या, "जेवलास का रं, बेनी?"

जयवंतनं "कट" म्हणायला तोंड उघडलं. अनुपमानं त्यावर हात ठेवला.

स्नेहसंमेलनात ट्रेलर लागला तेव्हा सुरुवातीला हशा होता. दार आवाज न करता उघडलं, तेव्हाही हसले. टेबल पुसलं गेलं, अंथरुणाच्या घड्या झाल्या, बाहेर काढलेले बूट जोडीनं लागले, तसतसा हॉल गप्प होत गेला. जयवंतचा खर्जातला आवाज म्हणाला, "त्यांनी पसारा केला... तिनं पाहिला." मग जिना. मग लाल लुगडं, पडदाभर चेहरा, आणि "जेवलास का?" हॉलमधली साडेतीनशे मुलं एकदम किंचाळली. जी किंचाळली नाहीत ती रात्रभर बाहेर राहून घरी न कळवणारी होती. ती नुसती पांढरी पडली. पहिलं बक्षीस अर्थात दुसऱ्याच ट्रेलरला गेलं. त्यात रक्त जास्त होतं.

कॉलेजातल्या कॅसेटमधून अनुपमानं "बेनी" एवढंच कापलं होतं. बहारीनच्या कॅसेटमध्ये ते ठेवलं. शेजारच्या ग्रेसचा जावई तिकडे निघाला होता, त्याच्या बॅगेत मसाल्याच्या बाटल्यांमध्ये ती गेली.

पुढचे दिवस बाईंचे वाईट गेले. त्या फुलदाण्या घासायला गेल्या आणि न घासताच परत आल्या. नाताळ जवळ येत होता. बिल्डरचा माणूस एकदा येऊन टेप लावून ओटा मोजून गेला. अनुपमा येताजाता डोकावत होती. खरं तर रविवारी जेवायला तिघंही येतच होती. अशाच एका रविवारी नाक्यावरच्या औषधांच्या दुकानातून हाक आली: बहारीनचा फोन! बाई धावल्या, मागून अनुपमा.

परदेशी फोनवर बोलायचं तर तिकडे थेट ऐकू जाईल एवढ्या आवाजात, असा गावठाणाचा रिवाज होता. त्यामुळे खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या सगळ्यांना संभाषणाची ही बाजू मिळाली.

"हॅलो! बेनी! हा, बोल... बगितली? कितीदा?... आनि ती तुज्या खोलीतली पोरं?... घाबरली? मेली कशाला घाबरायची, मी व्हती ती!... हा. हा, मी बोल्ली ना तसं, जेवलास का... मग तू काय बोल्ला?... हा म्हनाला? कॅसेटला?"

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हा, पलत चडली. तीनदा. तो पोरगा दमला, मी नाय... भिंत? भिंतीला काय झालं, काकाला इचार त्याच्या घराच्या भिंती कशा हायेत... एकटी? एकटी कुटं रं! हितं दर रयवारी बसायला जागा नाय, एक पोरगी तर सात सात फुगे खाते."

अनुपमा औषधांच्या बाटल्यांकडे बघू लागली.

"मग सही?... मोट्यानं बोल!... नाय करत? नाय करत ना? आता दुकानात सगल्यांनी आयकलंय, बेनी, परत फिरवू नको हा! ये नाताळला. वरची खोली झाडलीय."

फोन ठेवल्यावर कॉन्सेप्टाबाईंनी पदरानं आधी रिसीव्हर पुसला, मग डोळे. दुकानदारानं पेढे मागितले. त्यांनी त्याला काउंटरवरची धूळ दाखवली. बाहेर पडून त्या गल्लीला लागल्या. घर दिसलं तशा थांबल्या, मान वर करून कौलांकडे बघत राहिल्या, आणि अनुपमाला म्हणाल्या, "दुसरा ट्रेलर कवा काडता?"

"पुढच्या वर्षी, आंटी. बघू."

"पुडच्या वर्षी नको. मे म्हयन्यात काडा, पावसाच्या आदी. आनि त्या जयवंताला सांग, या टायमाला भूत कौलं बदलतं."