हिलाल पाटील यांच्या नावाखालची ओळ

मंगळवारी सकाळी साडेनऊला माझ्या जुन्या कचेरीतून फोन आला. क्रीडा पान पाहणाऱ्या उपसंपादकाने सांगितलं, हिलाल पाटील गेले. पहाटे, जळगावच्या रुग्णालयात, हृदयविकाराने. वय बासष्ट. बातमी सहा ओळींत बसवायची होती आणि त्याला एकच शंका होती, शिक्षेचं घ्यायचं की नाही? नोकरीत असताना असे प्रश्न मी दिवसातून दहा वेळा सोडवत असे आणि विसरतही असे. मी म्हणालो, घ्या, पण पहिल्या वाक्यात नको. बातमी तशीच छापून आली. पहिल्या वाक्यात मातीवरच्या मोटार रॅलीत सलग तीन वर्षं राज्याचं अजिंक्यपद मिळवणारे चालक, आणि दुसऱ्या वाक्यात तरुणपणी दारूची चोरटी वाहतूक करताना नाका तोडून होमगार्डला जखमी केल्याबद्दल भोगलेली चार वर्षांची शिक्षा. दहाव्याच्या दिवशी त्यांची मुलगी रेखा माझ्याजवळ येऊन बसली. ती दोंडाईच्यात शिक्षिका आहे. बाकीचे लोक जेवायला उठल्यावर तिने विचारलं, "काका, ते दुसरं वाक्य तुमचं ना?"

मी हो म्हणालो. त्यात चूक काही नाही, असं तीच म्हणाली. मग तिने सांगितलं की जळगावचा मोटर क्लब आपल्या वार्षिक शर्यतीच्या चषकाला तिच्या वडिलांचं, आबांचं, नाव देणार होता. क्लबच्या खोलीत फलक लागणार होता. बातमी वाचून दोन सदस्यांनी लेखी हरकत घेतली आणि विषय थांबला. "आबांनी काय केलं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण आता लोक पहिलं वाक्य वाचतच नाहीत."

हिलालभाऊंना मी प्रथम पाहिलं ते धुळ्याच्या न्यायालयात. मी तेव्हा न्यायालयाच्या बातम्या करत असे. नरडाण्याजवळच्या खेड्यातला, ट्रॅक्टरवर हात बसलेला, नंतर नरडाणा ते दोंडाईचा प्रवासी जीप चालवणारा हा माणूस पुढे गुजरातकडे जाणाऱ्या दारूच्या गाड्यांवर लागला होता. साक्री रस्त्यावरच्या एका नाक्यावर होमगार्डने हात वर केला, जीप थांबली नाही, होमगार्ड गाडीखाली आला आणि त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. पुढच्या गावात जीप पकडली गेली. माल ज्याचा होता तो न्यायालयात कधी दिसला नाही. बचाव पक्षाच्या वकिलांचा मुद्दा साधा होता, ब्रेक निकामी झाले होते. जुनी जीप, उताराचा रस्ता... मुद्दा चाललाही असता. पण न्यायाधीशांनी आरोपीला काही सांगायचं आहे का, असं विचारलं तेव्हा हिलालभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रेक चांगले होते साहेब. मी दाबले नाहीत." वकिलांनी बाहेर व्हरांड्यात कपाळाला हात लावला. मी एका हवालदाराला विचारलं की हा असं का बोलला असेल. तो म्हणाला, गाडीची सगळी दुरुस्ती हा स्वतः करायचा, ब्रेकला नाव ठेवलेलं त्याला सहन झालं नसेल. मी चार ओळींची बातमी दिली. तिच्यात हे वाक्य नव्हतं, जागा नव्हती.

सुटल्यावर ते धुळ्यात राहिले नाहीत. जळगावला पिंप्राळ्यात एका गाळ्यात गॅरेज टाकलं. मीही तोवर जळगाव आवृत्तीत आलो होतो, आणि छोट्या आवृत्तीत जो न्यायालय करतो तोच खेळही करतो. क्लबचे अध्यक्ष कांतीलालजी डाळ मिलचे मालक, आजोबा मारवाडातून आलेले, स्वतःला शर्यतींची भारी हौस आणि गाडी चालवण्याचा हात यथातथाच. त्यांची जीप तीन गॅरेजांतून फिरून हिलालभाऊंकडे आली. दुरुस्त झाल्यावर चाचणीसाठी दोघे गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर गेले. पाऊण तासाने परत आले. आधी कांतीलालजींनी आपली टोपी शोधली, ती मागच्या सीटखाली सापडली. मग म्हणाले की पुढच्या महिन्यात क्लबची शर्यत आहे, तुम्ही उतरायचं. हिलालभाऊंनी तिथेच, गॅरेजच्या दारात, आपली शिक्षा सांगितली. कांतीलालजींनी विचारलं, प्रवेशाच्या फॉर्मवर असा रकाना आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग छापलेले रकानेच भरा, नवे कशाला आखता. हा प्रसंग कांतीलालजी आजही सांगतात आणि टोपीचा भाग गाळत नाहीत.

पहिली शर्यत ते जिंकले. मी मुलाखतीला गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं, न्यायालयातला पत्रकार म्हणून. म्हणाले, "लिहायचं तर बठ्ठं लिहा." मी सगळं लिहिलं. पुढच्या दोन-तीन बातम्यांतही शिक्षेचा उल्लेख राहिला. नंतर विजयांची संख्या वाढली, शीर्षकं मोठी झाली आणि तो उल्लेख आम्हीच सोडून दिला. कोणी सांगितलं नव्हतं, हिलालभाऊंनी तर नाहीच. त्यामुळे क्लबमध्ये नंतर आलेल्या सदस्यांना आपल्या अजिंक्यवीराचा इतिहास त्याच्या मृत्यूनंतर कळला. हरकत घेणाऱ्यांचा राग मला म्हणूनच समजतो.

त्यांची पद्धत अशी होती. रॅलीचा मार्ग जाहीर झाला की बाकीचे चालक तो गाडीतून पाहत. हिलालभाऊ परवानगी घेऊन तो आधी पायी चालत. पंधरा किलोमीटर असेल तर पंधरा किलोमीटर. कुठे काळी माती, कुठे मुरूम, कोणत्या नाल्याचा काठ ढासळलेला, कुठे केळीच्या बागेचं पाणी रस्त्यावर उतरतं, हे सगळं शाळेच्या दुरेघी वहीत खानदेशी बोलीत लिहिलेलं असे. पुण्याहून एकदा नावाजलेला नॅव्हिगेटर बोलावला होता, म्हणजे शेजारी बसून वळणं वाचून दाखवणारा. त्याला वहीतलं एक पान समजलं नाही. तेव्हापासून रेखा शेजारी बसू लागली. ती कॉलेजात होती. सलग तीन अजिंक्यपदं या दोघांची आहेत. क्लबच्या नोंदीत चालकाचं नाव पुढे आणि तिचं कंसात आहे. ते दुरुस्त व्हायला हवं.

चौथं वर्ष त्यांनी गमावलं. शेवटचा टप्पा यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी होता आणि एकूण वेळेत ते पुढे होते. अंतिम रेषेला दीड किलोमीटर असताना केळीच्या बागेच्या बांधावर उभ्या असलेल्या एका माणसाने हात वर केला. तो मार्शल, म्हणजे शर्यतीचा मार्ग सांभाळणारा, नव्हता. त्याच्या अंगावर बनियन होतं, मार्शलचं नारिंगी जाकीट नव्हतं, आणि तो पलीकडच्या बांधावरच्या बायकोला पाणी आण म्हणून खुणावत होता. रेखा ओरडली, "आबा, चला, तो आपला नाही!" हिलालभाऊंनी गाडी पूर्ण थांबवली. काच खाली करून त्या माणसाकडे पाहिलं. तो घाबरून जा जा म्हणाला, तेव्हा निघाले. अजिंक्यपद चार सेकंदांनी गेलं. क्लबच्या लोकांनी अडथळ्याची तक्रार करायला सांगितलं. नियमात ती बसत होती. हिलालभाऊ तयार झाले नाहीत. त्याने गाडीला हात केलाच नव्हता, मग त्याच्यावर तक्रार कशाची, असं म्हणाले. रेखा त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. मी त्यांना अंतिम रेषेजवळ गाठून विचारलं की तो मार्शल नाही हे दिसत होतं, मग का थांबलात? ते हेल्मेट पुसत होते.

"हात दिसना, मी थांबनू," ते म्हणाले. "हात कोना शे, ते मी देखत नई."

हात दिसला की थांबायचं, तो कोणाचा हे पाहायचं नाही. मी हे वाक्य वहीत उतरवलं. बातमीत लिहिलं की चालकाच्या गैरसमजामुळे चार सेकंद गेले. गैरसमज नव्हता, हे मला ठाऊक होतं.

हरकतीचं पत्र मी वाचलं आहे. ते मूर्खपणाचं नाही. त्यात दोन मुद्दे आहेत. पहिला, ज्या कौशल्यावर चषक मिळाले ते गुन्ह्याच्या रस्त्यावर कमावलेलं होतं. दुसरा, तरुण चालकांसमोर हा आदर्श ठेवू नये. पहिल्याचं उत्तर हिलालभाऊंच्या आणि माझ्या वहीत आहे. दारूची गाडी चालवणारा मार्ग पायी पाहत नाही आणि हात दिसल्यावर थांबत नाही. शर्यती जिंकणारा हिलाल पाटील पिंप्राळ्यात घडला, साक्री रस्त्यावर नाही. निकालांबद्दल तर वादच नको. घड्याळाने जे नोंदवलं ते कोणाच्याही पूर्वायुष्याने पुसलं जात नाही. पण चषकाला नाव देणं हा निकाल नसतो, तो मान असतो, आणि मान द्यायचा की नाही हे घड्याळ सांगत नाही. कांतीलालजींनी मला फलकाचा मजकूर लिहायला सांगितला आणि हरकतीला उत्तरही. मी म्हटलं, ज्याला विचारायला हवं त्याला आपण कोणीच विचारलेलं नाही. होमगार्ड जिवंत आहे का, हेही क्लबमध्ये कोणाला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. आत्माराम सुका कोळी. दोंडाईच्याच्या अलीकडे रस्त्यालगतच्या गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. मी रेखाला सोबत येतेस का विचारलं. तिने रविवार सांगितला. वाटेत ती एकदाच बोलली. आत्मारामभाऊ नको म्हणाले तर चषकाचा विषय ती स्वतः मागे घेणार होती, आणि तसं क्लबला लिहून ठेवलेलं पत्र तिच्या पर्समध्ये होतं.

आत्मारामभाऊ गिरणीत खुर्चीवर बसले होते, उजवा पाय लाकडी पेटीवर सरळ ठेवलेला. भुवयांवर पीठ. ज्वारी दळायला आलेल्या दोन बाया बाकावर होत्या. मी ओळख करून दिली. त्यांनी गिरणी बंद केली आणि रेखाकडे बराच वेळ पाहिलं. "हिलालनी आंडेर का तू? बस व माय." हो, मुलगीच, म्हणत रेखा बसली. मग आत्मारामभाऊंनी सांगितलं ते असं. तुरुंगातून सुटल्याच्या आठवड्यात हिलाल इथे आला होता, दारात उभा राहिला, माफी मागितली. आत्मारामभाऊंनी त्याला हाकललं. तो गेला आणि परत कधी आला नाही. रेखाला हे ठाऊक नव्हतं. मी चषकाचं आणि हरकतीचं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली. बाकावरची एक बाई हसू लागली. आत्मारामभाऊ म्हणाले, हसू नको, खरं तेच सांगतो. पेपरात हिलालचा फोटो आला की ते तो गिऱ्हाइकांना दाखवत. आपला पाय मोडणारा साधासुधा ड्रायव्हर नव्हता, राज्यात पहिला आलेला होता, असं सांगत. गावात निम्म्या लोकांना ते पटत नसे.

रेखाने विचारलं, "म्हणजे तुम्ही आबांना माफ केलं का?"

"माफी मी देयेल नई," ते म्हणाले. "पन नाव द्या तेनं. आनि मना पाय बी लिखा. नहीते गावले वाटी, आत्माराम इतला वरीस थापा मारत व्हता."

परतताना रेखा रडली आणि मध्येच हसली. पत्र तिने फाडलं नाही, पण पर्समधून काढलंही नाही.

मजकूर मी त्याच आठवड्यात लिहिला. नाव, गाव, सलग तीन अजिंक्यपदं, नॅव्हिगेटर रेखा पाटील, कंसाशिवाय. त्याखाली आत्मारामभाऊंनी लिहायला सांगितलेली त्यांच्या पायाची ओळ होती: तत्पूर्वी दारूची वाहतूक करताना नाका तोडून एका होमगार्डला कायमचं जायबंदी केलं, त्याबद्दल चार वर्षांची शिक्षा भोगली. कांतीलालजींनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, जगात कुठे चषकाच्या फलकावर असं लिहितात का? मी म्हटलं, माझ्या माहितीत नाही. हरकत घेणाऱ्यांपैकी एकाने त्या ओळीसह मान्यता दिली. दुसरे बैठकीला आले नाहीत. मजकूर पक्का करायच्या आधी तो रेखाला दाखवायचा, असं ठरलं होतं. तिने पेन मागितलं. मला वाटलं, ती ओळ खोडणार. तिने फक्त 'एका होमगार्डला' एवढं खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात, फळ्यावर लिहितात तसं लिहिलं, 'होमगार्ड आत्माराम सुका कोळी यांना'.

फलक गेल्या आठवड्यात लागला. क्लबच्या खोलीत दारातून आत येताच समोर तो दिसतो. मी तिथे तासभर होतो. तीन नवे चालक आले, वाचून थांबले, आणि तिघांनीही विचारलं की हे कोळी कोण? कांतीलालजींनी तिघांनाही सगळं सांगितलं. हिलालभाऊंबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढतो, तसा तो शेवटच्या ओळीलाही चढलेलाच राहिला.

रेखाने फलकाचा फोटो फ्रेम करून गिरणीत नेऊन दिला. दळणाची वाट पाहणारे बसतात त्या बाकाच्या वर आत्मारामभाऊंनी तो ठोकून घेतला. तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. आपलं नाव हिलालच्या खाली का, असं आधी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गाडी तर तोच चालाडत व्हता."