बेटावर राहिलेली मुलं

डावमास्तर कागदावर कधी लिहीतच नसत. श्रीरामपूरला त्यांचा लहानसा छापखाना होता. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, खणांच्या पेटीसमोर उभं राहून ते डोक्यातली गोष्ट थेट शिशाच्या अक्षरांत जुळवत. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि दुपारी त्यांची प्रुफं तपासायला जात असे. "आधी लिहून तरी काढा," म्हटलं की म्हणायचे, "बाई, दोनदा सांगितली की गोष्ट शिळी हुती."

नातवंडांनो, तुम्ही तिकडे परदेशात टेबलाभोवती बसून जे खेळ खेळता, तसलीच त्यांची पुस्तकं होती; म्हणून तर सगळे त्यांना डावमास्तर म्हणत. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी कुणी नावाडी, कुणी वैदू, कुणी चोर व्हायचं आणि अडलं तिथे कवड्या टाकायच्या. वर्षाला एकच मुलूख, हा मास्तरांचा नेम. कधी किल्ला, कधी जंगल. उन्हाळी सुट्टीच्या पुस्तकात मुलांना तिथे नेऊन संकटात सोडायचं, दिवाळीच्या पुस्तकात बाहेर काढायचं. मधले महिने पोरं छापखान्याच्या दारात हटून बसत. "मास्तर, माझा नावाडी मरनार न्हाई ना?" मास्तर मान वर न करता म्हणायचे, "तुझ्या कवड्यांला इचार."

पाऊस न झालेल्या त्या साली मुलूख होता समुद्र. उन्हाळ्याच्या पुस्तकाअखेर होडी फुटली आणि मुलं बेटावर अडकली. विहिरी आटलेल्या गावांतल्या पोरांना तो समुद्र तोंडपाठ झाला होता; पण पुस्तकं विकत घेणारं कुणी उरलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर पुण्याचे एक घाऊक पुस्तकविक्रेते आले. "मास्तर, दुसरा भाग नवं गिऱ्हाईक घेत नाही. भूतबंगला काढा. कागद माझा, माल सगळा मी उचलतो."

"आन् बेटावरच्या पोरांचं काय?"

विक्रेते हसले. चहा घेऊन आलेल्या मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मात्र हसल्या नाहीत. "अहो, ती पोरं पुस्तकातली. आपली दोन घरात हायेत, त्यांच्याकडं बगा की जरा."

वहिनींचं खोटं नव्हतं.

समुद्राचा दुसरा भाग जुळवून तयार होता, खिळ्यांची पानं दोऱ्याने बांधून ठेवली होती. पण खिळे बेताचेच; भूतबंगल्यासाठी ते मोकळे करणं भाग होतं. "निदान एकेक प्रूफ काढून ठेवू," मी म्हटलं.

"नको. ठिवलं की छापावंसं वाटंल."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच पानं सोडवत होते. उलटी अक्षरं मोठ्याने वाचायची आणि एकेक खिळा पेटीतल्या त्याच्या खणात टाकायचा. मी स्टुलावर बसून ऐकलं. मुलांनी शहाळ्यांवर दिवस काढले, तराफा बांधला, तो लाटेत वाहून गेला. शेवटच्या पानाला मास्तरांचा आवाज थांबला. बोटं तेवढी चालू होती.

"मास्तर, पोचली ना घरी?"

"आता इचारू नका, बाई. हात चालायचा न्हाई."

भूतबंगला हातोहात खपला. पुढचे मुलूख पुण्याहून ठरून येऊ लागले. पोरं काही महिने दारात येऊन बेटाचं विचारत राहिली, मग यायची थांबली.

माझी बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. ती मुलं कशी परतली, हे त्या दिवशी विचारायचंच असं ठरवून गेले होते. मी तोंड उघडायच्या आत मास्तरांनी नव्या पुस्तकाची प्रुफं पुढे केली. "जाता जाता एवढं करा. चुका बगा, बाई. गोष्ट नका बगू."